एक अहवाल, चार भावंडे : कर्करोगाच्या वैयक्तिक जोखमीचा आकडा काय बदलतो आणि काय बदलत नाही

हे प्रकरण पुण्यातील एका कुटुंबातील चार सख्ख्या भावंडांचे आहे. थोरल्या बहिणीला चव्वेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, तिच्या रक्ततपासणीत बीआरसीए१ या जनुकात स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा रोगकारक बदल सापडला आणि त्यानंतर उरलेल्या तिघांनी, कोणी लगेच तर कोणी बरेच आढेवेढे घेऊन, आपापली तपासणी करून घेतली. चौघांना माहिती एकाच समुपदेशन कक्षात आणि एकाच पद्धतीने मिळाली, तरी प्रत्येकाने तिचा अर्थ वेगळा लावला आणि त्यानुसार प्रत्येकाचे वागणेही वेगळ्या वाटेने गेले. या कुटुंबाची समुपदेशक म्हणून मी हे प्रकरण त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये एवढ्यापुरते वय, व्यवसाय आणि वस्तीचे तपशील बदलले आहेत.

जोखमीचा आकडा सांगितला की माणूस घाबरेल, घाबरला की सावध होईल आणि सावध झाला की वागणे बदलेल, अशी साखळी आपण आरोग्यशिक्षणात गृहीत धरतो. या कुटुंबात ती साखळी जवळजवळ प्रत्येक कडीपाशी तुटलेली दिसली, आणि ती कुठे तुटली हे समजून घेणे आकडा अचूक काढण्याइतकेच महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

कुटुंबाचा इतिहास

मूळ घर सासवडजवळच्या एका गावातले. वडील नोकरीनिमित्त पुण्यात आले आणि मुले इथेच वाढली. थोरली बहीण कोथरूडला राहते आणि एका पतसंस्थेत हिशेब पाहते. एक्केचाळीस वर्षांची मधली हडपसरच्या शाळेत शिक्षिका आहे. एकोणचाळीस वर्षांच्या भावाचे भोसरीत फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. छत्तीस वर्षांची धाकटी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. ही वये थोरलीचे निदान झाले त्या वेळची आहेत.

आई १९९८ मध्ये एक्कावन्नाव्या वर्षी गेली. कशाने गेली, या प्रश्नाला चौघांचेही उत्तर एकच होते : पोटाच्या आजाराने, पोटात पाणी झाले होते. थोरलीच्या गाठीचा अहवाल ट्रिपल निगेटिव्ह आला, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या तिन्हींपैकी एकाचाही ग्राहक (रिसेप्टर) त्या पेशींवर नव्हता, आणि पन्नाशीच्या आतील अशा रुग्णाची जनुकीय तपासणी सुचवण्याचा प्रघात असल्यामुळे तिला माझ्याकडे पाठवण्यात आले. वंशावळ काढताना मी आईच्या आजाराचे जुने कागद मिळतील का, असे विचारले. भावाने माळ्यावरची लोखंडी पेटी उघडून एक पिवळी पडलेली फाइल आणली. तिच्यातल्या अहवालात बीजांडकोशाचा कर्करोग असे स्पष्ट लिहिले होते. तेवीस वर्षे ज्याला घरात ‘पोटाचा आजार’ म्हणत होते, तो थोरलीच्या आजाराचाच सख्खा नातेवाईक होता. आईची थोरली बहीण, म्हणजे या चौघांची मावशी, चाळिशीत ‘छातीच्या गाठीने’ गेली होती, हेही तेव्हाच पुढे आले. त्याआधी कोणत्याही डॉक्टरला ते कोणी सांगितले नव्हते, कारण दोन्ही आजार एकाच धाग्याचे असू शकतात असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

बीआरसीए१ या जनुकाचा ठावठिकाणा जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावर दाखवला आणि १९९४ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हाती आले. हा बदल आई-वडिलांपैकी ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, निम्म्या शक्यतेने जातो. हे वाक्य मी चौघांनाही सांगितले. त्यातले ‘मुलगा असो वा मुलगी’ हे शब्द ऐकूनही कसे ऐकले जात नाहीत, ते पुढे येईलच.

आकड्याआधीच्या समजुती

अहवाल येण्यापूर्वी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : हा आजार आपल्या घरात कशामुळे आला असे तुम्हाला वाटते? त्यांची उत्तरे मी जशीच्या तशी टिपून ठेवली, आणि आज मागे पाहताना या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत उपयोगी कागद तोच वाटतो.

थोरलीच्या मते कारण ती स्वतः होती. मार्चअखेरीची जागरणे, डब्यातले गार जेवण, नोकरी आणि घर यांची ओढाताण, यातून आपण आजार ओढवून घेतला, असा तिचा पक्का समज होता. मधली म्हणाली, “आई गेली, मावशी गेली, आता ताई. आमच्या नशिबातच आहे. मी धरूनच चालले आहे की मलाही होणार.” भावाच्या लेखी हा बायकांचा आजार होता आणि त्याचे काम ताईला गाडीतून केमोला नेणे-आणणे एवढेच होते, जे तो अत्यंत निष्ठेने करत होता. धाकटीने बरेच वाचले होते. अँजेलिना जोलीने मे २०१३ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिले तेव्हापासून ८७ टक्के हा आकडा तिच्या डोक्यात बसला होता. तिच्यासाठी प्रश्न ‘आहे की नाही’ एवढाच होता, आणि ‘नाही’ या उत्तराचा अर्थ तिच्या मनात पूर्ण सुटका असा होता.

तीच माहिती, तेच शंभर ठिपके

आकडे सांगताना मी शंभर ठिपक्यांचा कागद वापरते. केवळ ‘इतक्या पटीने धोका जास्त’ असे सांगितले तर मूळ धोका किती हे कळत नाही आणि मन सर्वांत भीतिदायक अर्थ धरून ठेवते. भारतात चौऱ्याहत्तर वर्षांपर्यंत साधारण २९ स्त्रियांपैकी एकीला स्तनाचा कर्करोग होतो, असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अंदाज आहे. म्हणजे शंभरात तीन-चार ठिपके. बीआरसीए१ मधील रोगकारक बदल असलेल्या स्त्रियांमध्ये ऐंशी वर्षांपर्यंत शंभरातील सुमारे ७२ जणींना स्तनाचा आणि ४४ जणींना बीजांडकोशाचा कर्करोग होतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळजवळ दहा हजार स्त्रियांच्या पाठपुराव्यावर आधारलेल्या अभ्यासातून दिसते. त्या स्त्रिया प्रामुख्याने युरोपातील होत्या, आणि तो आकडा पुण्यातील बाईला तंतोतंत लागू पडेल असे मानू नये, हेही त्याच बैठकीत सांगावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ७२ हा आकडा जन्मापासून मोजलेला आहे. एक्केचाळीस वर्षे निरोगी राहिलेल्या बाईने त्या धोक्याचा काही भाग आधीच ओलांडलेला असतो, त्यामुळे तिच्यासाठी पुढचा धोका साठीच्या घरात येतो. वैयक्तिक जोखीम म्हणजे जनुकाच्या नावापुढे छापलेला सरसकट आकडा नव्हे. या बाईचे आजचे वय, तिचे आजवरचे आरोग्य आणि यापुढची वर्षे मिळून तो ठरतो. बऱ्याच अहवालांमध्ये हा फरक दाखवलेला नसतो, आणि तो दाखवण्यासाठी लागणारी पंधरा मिनिटे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कोणाकडे नसतात.

थोरलीवर अहवालाचा पहिला परिणाम मी अपेक्षा केली होती त्यापेक्षा वेगळा झाला. ती घाबरली नाही, सैलावली. आजार आपल्या जागरणांनी आणला नव्हता, हे तिला कागदावर दिसले. दुसऱ्या स्तनातही वीस वर्षांत शंभरातील सुमारे ४० जणींना कर्करोग होतो, हे समजून घेऊन तिने केमोनंतर दोन्ही स्तन काढण्याचा निर्णय घेतला आणि पुढे बीजांडकोशही काढून घेतले. मात्र स्वतःला दोष देणे थांबले त्याच आठवड्यात दुसरा दोष सुरू झाला : “मी मुलीला हे दिलं असेल तर?” ही टोचणी आजही पूर्ण गेलेली नाही.

मधली : विश्वास खाली, कृती वर

मधलीच्या रक्तातही तोच बदल निघाला. बैठकीत ती शांत होती. ठिपक्यांचा कागद तिने बराच वेळ पाहिला, रंग न भरलेले ठिपके बोटाने मोजले आणि म्हणाली, “म्हणजे सगळ्यांना होत नाही.” तिने आपल्यापुरता धोका शंभर टक्के मानला होता, प्रत्यक्ष आकडा कितीही मोठा असला तरी तिच्या मनातल्या आकड्यापेक्षा तो लहानच होता. तिच्याबरोबर आलेल्या तिच्या यजमानांना नेमके उलटे वाटले आणि ते खुर्चीत मागे टेकून बसले. एकच कागद एकाच टेबलावर दोघांना दोन दिशांना घेऊन गेला, कारण दोघे वेगवेगळ्या ठिकाणाहून निघाले होते.

आपण जास्त घाबरवले तर लोक जास्त काळजी घेतील, या समजुतीला मधलीचे उदाहरण सरळ छेद देते. ‘होणारच’ असे मानत असताना तिने एकदाही तपासणी केली नव्हती. “होणारच असेल तर शोधून काय करायचं?” हे तिचेच शब्द. मुलींच्या नावाने तिने ठेवी ठेवल्या होत्या, मोठ्या मुलीला स्वयंपाक शिकवायला घेतले होते, थोडक्यात मरणाची तयारी चालवली होती. आणि ही तयारी करणारी बाई आजार टाळण्यासाठी मात्र काही करत नव्हती. धोक्याविषयीचा तिचा विश्वास खाली आला तेव्हा कृती वर गेली, कारण अठ्ठावीस असोत की चाळीस, मोकळ्या ठिपक्यांत आपल्याला जागा आहे हे तिला प्रथमच दिसले. भीती दाखवणाऱ्या संदेशांचा परिणाम केवळ भीतीच्या मात्रेवर ठरत नाही, बचावाची वाट आपल्या आवाक्यात आहे असे वाटते की नाही यावरही ठरतो, असे संवादशास्त्राच्या अभ्यासक किम विट्टे यांनी १९९२ मध्ये मांडले होते. मधलीच्या बाबतीत मी त्याचा अर्थ व्यवहारात असा लावला की आकडा सांगून झाल्याबरोबर त्याच बैठकीत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या भेटीची तारीख तिच्या हातात दिली.

बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मृत्यू टाळू शकेल अशी भरवशाची चाळणी तपासणी, म्हणजे लक्षणे नसताना आजार शोधणारी तपासणी, उपलब्ध नाही. म्हणूनच बीआरसीए१ असलेल्या स्त्रीने मुले झाल्यानंतर, साधारण पस्तीस ते चाळीस या वयात, दोन्ही बीजांडकोश आणि बीजांडनलिका काढून घ्याव्यात असा सल्ला दिला जातो; त्याने तो धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो. मधलीने चार महिन्यांत ही शस्त्रक्रिया करून घेतली. इतक्या लवकर निर्णय होण्यामागे एक गोष्ट होती जी कोणत्याही परदेशी शोधनिबंधात सापडणार नाही : सासरी तिने ‘पिशवीचं ऑपरेशन’ एवढेच सांगितले. आपल्याकडे पिशवी काढणे ही घरोघरी माहीत असलेली, कोणी जास्त प्रश्न न विचारणारी गोष्ट आहे. जनुक, वंश, मुलींचे भवितव्य असे काहीही न उच्चारता तिला ती शस्त्रक्रिया पार पाडता आली.

स्तनांच्या तपासणीचे मात्र तसे झाले नाही. पहिल्या वर्षी तिने एमआरआय आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) दोन्ही केल्या. दुसऱ्या वर्षी शाळेची रजा, एमआरआयचा खर्च आणि निरोगी बाई दरवर्षी दवाखान्यात का जाते हा सासूबाईंचा साधा, प्रेमळ प्रश्न, या तिन्हींपुढे एमआरआय राहिली आणि केवळ मॅमोग्राफी झाली. तिची समज कमी झाली नव्हती; विचारले असता ती आजही आकडे बिनचूक सांगते. एकदाच करायची, नाव सांगता येण्याजोगी कृती तिला जमली. दरवर्षी नव्याने स्पष्टीकरण द्यावे लागणारी कृती जमली नाही. हा फरक मला या प्रकरणातील सर्वांत शिकवणारा भाग वाटतो, आणि म्हणून तिच्या यजमानांना आम्ही आता पाठपुराव्यात औपचारिकपणे सहभागी करून घेतले आहे. तारखेचा निरोप दोघांच्याही फोनवर जातो आणि सासूबाईंना काय व किती सांगायचे हे त्या दोघांनी मिळून ठरवले आहे.

धाकटी : निगेटिव्ह अहवालाचा अर्थ

धाकटीत तो बदल नव्हता. कुटुंबातील नेमका बदल माहीत असल्यामुळे तिचा निगेटिव्ह अहवाल खात्रीचा होता. अहवाल ऐकून ती रडली, आणि ते रडणे आनंदाचे नव्हते. ताई आणि माई (मधली बहीण) दोघींना जे मिळाले ते आपल्यालाच का मिळाले नाही, या विचाराने ती कित्येक दिवस बहिणींना फोन करायला कचरत होती. या अपराधी भावनेची दखल समुपदेशनात घेतली गेली.

तिचा धोका शून्यावर आला नव्हता, सर्वसाधारण स्त्रीच्या पातळीवर आला होता, म्हणजे त्याच शंभर ठिपक्यांतील तीन-चार. हे तिने ऐकले, समजले, लिहूनही घेतले. तरीही सुमारे दोन वर्षांनी डाव्या स्तनात हाताला गाठ लागली तेव्हा तिने तीन महिने कोणालाही सांगितले नाही. “माझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना,” हे वाक्य ती त्या काळात स्वतःशी म्हणत होती. अखेर थोरलीला कळले आणि दुसऱ्या दिवशी ती तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. सोनोग्राफी आणि बायोप्सीत ती साधी, निरुपद्रवी फायब्रोअ‍ॅडेनोमाची गाठ निघाली. पण ते तीन महिने निरुपद्रवी नव्हते. ती गाठ वेगळी निघाली असती तर एका अचूक, सुस्पष्ट, चांगल्या बातमीनेच निदान लांबवले असते.

धाकटीसारख्या स्त्रीला आपण जनुकीय तपासणीतून मोकळे करतो आणि तिला परत जिथे पाठवतो तिथे फारसे काही नसते, ही माझ्या मते आपल्या व्यवस्थेची खरी उणीव आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी एकीचीही स्तनतपासणी झालेली नाही. शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढील स्त्रियांची प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून ठराविक काळाने स्तनतपासणी अपेक्षित आहे, आणि हाताने केलेल्या या तपासणीला कमी लेखण्याचे कारण नाही. मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्राथमिक आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या अशा तपासणीमुळे आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट एकत्र धरले तर मृत्यूंतील घट मात्र सांख्यिकीदृष्ट्या निश्चित ठरली नाही. धाकटीच्या निगेटिव्ह अहवालासोबत आता आम्ही एक वेगळे पान देतो. त्यावर ‘तुमच्यात घरातला बदल नाही’ या वाक्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरांत गाठ, त्वचेतील खळगा, स्तनाग्रातून रक्त किंवा स्राव आल्यास काय करायचे आणि कोणाला फोन करायचा हे लिहिलेले असते.

भाऊ : जनुक आणि तंबाखू

भाऊ तपासणीला वर्षभर तयार नव्हता. बहिणींसाठी तो काहीही करायला तयार होता, परंतु आईकडून हा बदल आपल्याकडेही आला असू शकतो आणि आपल्याकडून आपल्या मुलीकडे जाऊ शकतो, हे त्याच्या गावी नव्हते. अखेर तो आला तो मुलीसाठी. आल्याबरोबर म्हणाला, “माझं राहू द्या, आधी पोरीची टेस्ट करा.” मुलगी बारा वर्षांची होती. प्रौढपणी होणाऱ्या आजाराची, आणि ज्यावर लहानपणी करण्यासारखे काही नाही अशी तपासणी अल्पवयीन मुलांची करत नाहीत. तो निर्णय त्या मुलीने सज्ञान झाल्यावर स्वतः घ्यायचा असतो. हे समजावण्यात एक संपूर्ण बैठक गेली. त्यामागची त्याची खरी काळजी शेवटी उघड झाली : उद्या स्थळ पाहताना हे सांगावे लागेल का? त्या प्रश्नाला हसून उडवून लावणे सोपे असते, पण तो प्रश्न खरा आहे. जनुकीय माहितीच्या आधारे होणारा भेदभाव रोखणारा, अमेरिकेत २००८ मध्ये झाला तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि लग्नाच्या बाजारात तर कोणताच कायदा पोहोचत नाही.

त्याची तपासणी झाली आणि बदल सापडला. बीआरसीए१ मुळे पुरुषाचा स्वतःचा धोका थोडाच वाढतो. मात्र भावाला एक दुसरा, कितीतरी मोठा धोका होता : तो सोळाव्या वर्षापासून तंबाखू-चुना मळत होता. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे आणि २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात. ‘तुमच्या घरात कर्करोगाचे जनुक आहे’ हे कळल्यावर तो तंबाखू सोडेल, अशी घरातल्या सर्वांची अपेक्षा होती. त्याने गोड सोडले, सकाळी गव्हांकुराचा रस सुरू केला, दर गुरुवारी उपवास धरला. तंबाखू तशीच राहिली. त्याचे म्हणणे होते, “रक्तातच आहे म्हटल्यावर पुडीने काय फरक पडणार?”

आनुवंशिक धोक्याची माहिती दिल्याने लोक धूम्रपान सोडतात का, आहार-व्यायाम बदलतात का, या प्रश्नावरील १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात अशा माहितीचा वागण्यावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. तो आढावा मुख्यतः एका जनुकाच्या जबर धोक्याविषयीचा नव्हता, त्यामुळे तो मधलीला लावता येणार नाही, पण भावाला नेमका लागू पडतो. वैयक्तिक जोखीम सांगितल्याने लोकांची समज वाढते हे मात्र खरे आहे. चाळणी तपासण्यांविषयीच्या कोक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१३ मधील आढाव्यातील तीन अभ्यासांत, वैयक्तिक माहिती मिळालेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांनी आणि न मिळालेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांनी समजून-उमजून निर्णय घेतला, असे दिसले. समज वाढणे हेच आपल्यापरीने मोलाचे आहे. परंतु वीस वर्षांची सवय समजुतीत राहत नाही, ती हातात, खिशात, वर्कशॉपच्या कामाच्या लयीत आणि सोबतच्या कामगारांच्या संगतीत राहते. तिथे आकडा पोहोचत नाही.

भावाच्या बाबतीत जे थोडेफार हलले ते दंतवैद्याच्या खुर्चीत. दाढेच्या दुखण्यासाठी गेलेला असताना डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा त्याला आरशात दाखवला. जनुकाच्या अहवालात त्याला नशीब दिसले होते. आरशात त्याला आपण रोज पुडी ठेवतो तीच जागा दिसली. चट्ट्याची बायोप्सी झाली, तीत कर्करोग नव्हता. राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइनच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर त्याने स्वतः फोन केला, तीन महिने पूर्ण बंद ठेवली, दिवाळीच्या कामाच्या गर्दीत पुन्हा सुरू केली, आणि सध्या दिवसाला दोनवर आणली आहे. याला मी यश म्हणत नाही, अपयशही म्हणत नाही. मात्र त्याच्या पाठपुराव्याच्या कागदावर जनुकाचा धोका आणि तंबाखूचा धोका आता शेजारी शेजारी, सारख्याच शंभर ठिपक्यांच्या चौकटींत छापलेले असतात, म्हणजे दोन्ही धोके एकाच नजरेत येतील आणि एकाच्या नावाखाली दुसरा झाकला जाणार नाही.

सासवडकडचे नातेवाईक

मावशीच्या दोन मुली सासवडला असतात. प्रघाताप्रमाणे मी त्यांच्यासाठी माहितीपत्र दिले होते, ते थोरलीने पाठवले आणि त्यावर कोणी काही बोलले नाही. केस पुरते उगवायच्या आधीच थोरली स्वतः तिकडे गेली आणि दोघींच्या घरी जेवून आली. त्यानंतर एकीने पुण्याला येऊन तपासणी केली. दुसरीने अद्याप केलेली नाही, आणि तिचा तो अधिकार आहे. नातेवाइकांपर्यंत माहिती पोहोचवण्याचे काम पत्रावर सोडून देण्याची पद्धत मला अपुरी वाटते. ज्या बाईने आजार भोगला आहे तिच्या तोंडून ऐकलेला धोका आणि शिक्का मारलेल्या पत्रातला धोका यांचे वजन सारखे नसते. पण हे काम तिच्यावर लादायचे असेल तर तिला त्यासाठी तयार करणे, काय सांगावे आणि कुठे थांबावे हे तिच्याशी बोलणे, ही समुपदेशकाची जबाबदारी ठरते.

सध्या सर्वांत विचारपूर्वक चाललेला निर्णय थोरलीच्या मुलीचा आहे. ती एकोणीस वर्षांची असून फर्ग्युसनमध्ये शिकते. ती एकटी माझ्याकडे आली आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला : आज टेस्ट केली तर आज मी वेगळं काय करणार आहे? बीआरसीए१ असलेल्या स्त्रीची एमआरआय तपासणी साधारण पंचविसाव्या वर्षी सुरू होते, त्याआधी विशेष काही करायचे नसते. हे समजल्यावर तिने तपासणी पंचविसाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलण्याचे ठरवले, आणि आईने आग्रह केला तरी मत बदलू नये यासाठी आपला निर्णय फाइलमध्ये लिहून ठेवण्याची विनंती केली. तो लिहून ठेवला आहे, तिच्या सहीसह. तिला कधीही तो बदलता येईल, आणि बदलायचा झाल्यास कोणाला फोन करायचा हे त्याच पानावर आहे.